तुझ्या उरलेल्या अकरा तासिका

शीतल,

तुझ्या शोकसभेत सात मुलींनी सांगितलं की त्या तुझ्या सगळ्यांत जवळच्या मैत्रिणी होत्या. मी मोजल्या. शेवटच्या रांगेत बसून दुसरं काही करण्याच्या अवस्थेत मी नव्हते. त्यातल्या एकीला तू परीक्षेच्या आदल्या दिवशी फोनवर अख्खं प्रकरण समजावलं होतंस म्हणे. ते ऐकून मला जे वाटलं त्याला दुःख म्हणता येणार नाही. फोनवरून शिकवणं तू फक्त माझ्यासाठी केलं होतंस, अशी माझी समजूत होती.

मग आपले विभागप्रमुख सर बोलले. तू आयुष्याचा ताळेबंद फार लवकर मांडलास, असं म्हणाले. त्यांच्यानंतर उपप्राचार्य मॅडम उठल्या आणि त्यांनी तुझ्या जमेच्या बाजू सांगितल्या. तू असतीस तर मला कोपराने ढोसून म्हणाली असतीस, कॉमर्सवाल्यांना मेलेल्या माणसाबद्दलही दुसरं काही सुचत नाही बघ. मी शेजारी पाहिलं. तिथे दुसऱ्या वर्षाची एक मुलगी हुंदके देत होती. मला तिचाही राग आला. सरांनी माझ्याकडे बघून विचारलं, गार्गी, दोन शब्द बोलतेस? मी नकारार्थी मान हलवली. सगळ्यांना वाटलं, मला बोलवत नाहीये. खरं तर आठवी कोणी व्हायचं, एवढाच प्रश्न होता.

पण हे मी तुला लिहिते आहे ते त्या सभेमुळे नाही. काल सरांचा फोन आला. मी महापेच्या ऑफिसात होते. जिन्यात जाऊन उचलला. ते म्हणाले, एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शीतलच्या अकरा तासिका राहिल्या आहेत, परीक्षा तोंडावर आली आहे. दोन वर्षांपूर्वीच्या निवड यादीत तिच्यानंतर तुझंच नाव होतं. घेशील का उरलेल्या? आणि पुढच्या वर्षाचंही बघता येईल.

मी म्हटलं, शनिवारी सांगते. आज शुक्रवार आहे.

तुला हे माहीत आहे, पण दुसरं कुणी वाचेल त्याला कळावं म्हणून लिहिते. तू कॉलेजात शिकवत होतीस ते तासिका तत्त्वावर. म्हणजे जितक्या तासिका घेतल्या तितक्यांचेच पैसे, तेही महिनोन्‌महिने उशिरा. मे महिन्यात काही नाही. वर्ष संपलं की नेमणूक संपली, जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. असल्या नोकरीचा कुणी हेवा करावा का? मी केला. गेली दोन वर्षं, रोज. महापेला माझा पगार तुझ्या दुप्पट होता, खुर्ची गोल फिरणारी होती, आणि तरी सकाळी साडेसातला तू नेरूळच्या त्या वर्गात शिरत असशील हे मनात आलं की माझा चहा बेचव व्हायचा.

हे मी तुला कधी सांगितलं नाही. इंग्रजीत सांगणं मला जास्त सोपं गेलं असतं, पण तुझ्याशी इंग्रजीत भांडता येत नाही.

*

एम.कॉम.च्या पहिल्याच आठवड्यात तू माझ्या शेजारी येऊन बसलीस. तुझ्याकडे दप्तर नव्हतं, कापडी पिशवी होती, तिच्यावर कुठल्या तरी आडत्याचं नाव छापलेलं. सर मालाच्या मूल्यांकनाबद्दल बोलत होते. मला काही कळत नव्हतं. पंधरा वर्षं इंग्रजी माध्यमात काढलेल्या मुलीचा एक फायदा असतो, तिला कळलेलं नाही हे कुणाला कळत नाही. मी मान डोलावत होते. तू सरळ उभी राहिलीस आणि म्हणालीस, ‘‘सर, एकदा मराठीत सांगता का? मला नाय कळलं.’’

वर्ग हसला. सर पण हसले आणि त्यांनी मराठीत सांगितलं. मला तेव्हा कळलं. प्रश्न माझाच होता, उभी तू राहिलीस. आपली मैत्री तिथे सुरू झाली असं तू सगळ्यांना सांगायचीस. माझ्या मते, दुसरंही काहीतरी तिथेच सुरू झालं.

त्या दिवशी कँटीनमध्ये तू मला कांद्यावरून सगळं पुन्हा सांगितलंस. तुझे तात्या तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी. साताऱ्याहून आले ते पाठीवर पोती घ्यायलाच. आधी आलेला कांदा आधी बाहेर काढायचा, नाहीतर खालच्या पोत्याला कोंब येतात, हे तुला पाचवीपासून ठाऊक होतं. आवक, जावक, शिल्लक, घट, सगळे शब्द तुझ्या घरात जेवताना बोलले जायचे. आमच्या घरात जेवताना बातम्या लागतात. मी एका परिच्छेदाची व्याख्या पाठ करून आले होते आणि तू त्या व्याख्येत लहानाची मोठी झाली होतीस. तू मला ‘कॉन्व्हेंट’ म्हणायला लागलीस तेही त्याच दिवशी. ‘‘काय गं कॉन्व्हेंट, समजलं का मान हलवतेस नुसती?’’

मी तुला इंग्रजी दिलं, हे मी स्वतःला बजावत राहिले. तुझा प्रकल्प, आपण ज्याला ब्लॅक बुक म्हणायचो, त्याची नव्वद पानं मी तपासली. काळं कापडी कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरांत तुझं नाव. आभाराच्या पानावर माझं नाव सहावं होतं, ग्रंथपालांच्या खाली. तू मला ते पान हौसेनं दाखवलंस. मी म्हटलं, छान.

आमच्या घरी तू चार-पाचदाच आलीस. सीवूड्सच्या आमच्या सोसायटीत वॉचमन सगळ्यांना वहीत नाव लिहायला लावतो. दुसऱ्या खेपेपासून तुला लावलं नाही. आई, जी माझ्या मैत्रिणींना पाणी देऊन आत जाते, ती तुझ्यासमोर पाऊण तास बसून मिरचीच्या ठेच्यात शेंगदाणे घालायचे की नाही यावर बोलली. बाबा तुला ‘ऑडिटर’ म्हणून हाक मारायचे. मला ते माझ्या नावानेच हाक मारतात. तू गेल्यावर बाबा म्हणाले, ही पोरगी कुठेही टाका, तिचं अडणार नाही. हे माझ्याबद्दल ते कधी म्हणाले नाहीत, आणि म्हणाले असते तर खोटं ठरलं असतं.

*

द्रोणागिरीचं गोदाम आठवतं? एम.कॉम.च्या सुट्टीत आपण वाशीतल्या एका छोट्या सी.ए. फर्ममध्ये मदतनीस म्हणून लागलो होतो आणि मालाची मोजणी करायला आपल्याला तिकडे पाठवलं होतं. यादी माझ्या हातात होती. मी यादीतलं एकेक नाव वाचायची, माल शोधायची, मोजायची, टिक करायची. तीन तासांत माझी यादी संपली. सगळं बरोबर निघालं. मला फार बरं वाटलं.

तू यादी घेतलीच नव्हतीस. तू एका लोडरशी बोलत बसली होतीस, तो तुमच्या तालुक्यातला निघाला. त्याच्याबरोबर तू मागच्या शेडमध्ये गेलीस आणि तिथे निळ्या पिंपांच्या दोन रांगा उभ्या होत्या. त्या कुठल्याच यादीत नव्हत्या. तू आधी माल बघितलास आणि मग तो यादीत आहे का ते शोधलंस. पुस्तकात दोन्ही पद्धती दिल्या आहेत, दोन्ही मला पाठ होत्या. यादीवरून मालाकडे गेलं तर काय नाहीसं झालंय ते कळतं, आणि मालावरून यादीकडे गेलं तर काय लिहायचं राहिलंय ते. परतताना बसमध्ये सी.ए. सरांचा फोन आला. ते तुझ्याशीच बोलले. मी खिडकीतून कंटेनरचे ढीग बघत राहिले. तू फोन ठेवून म्हणालीस, ‘‘सर म्हणाले, तुमी दोघींनी छान काम केलं.’’ दोघींनी, असं ते म्हणाले नसणार. तू घातलंस ते. असल्या गोष्टी मला टोचायच्या, शीतल. तू वाईट असतीस तर किती सोपं झालं असतं.

एम.कॉम. झालं. पुढे काय, असं आपल्या वर्गाला सगळ्यांनी विचारलं. कुणी बँकेच्या परीक्षांना बसलं, कुणी जी.एस.टी.च्या सल्लागाराकडे लागलं, दोघींची लग्नं झाली. मी सी.ए. अर्धवट सोडून महापेला गेले, अमेरिकेतल्या दुकानांची आणि दवाखान्यांची पुस्तकं जुळवायला. ज्यांचे हिशेब मी रोज बघते त्यांच्यातलं एकही माणूस मी पाहिलेलं नाही. मला वाटलं होतं, हेच आपल्यासारखीला बरं. बोलावं लागत नाही.

आणि मग कॉलेजात जागा निघाली.

*

आता ते लिहायला हवं.

दोघींनी अर्ज केला. पंधरा मिनिटांचा नमुना पाठ द्यायचा होता. आदल्या संध्याकाळी तू सीवूड्स स्टेशनाबाहेर आलीस आणि हाताने लिहिलेली चार पानं माझ्या हातात दिलीस. तू एकत्रित ताळेबंद शिकवणार होतीस, मूळ कंपनी आणि तिची उपकंपनी मिळून एकच ताळेबंद कसा करायचा ते. पुस्तकातलं उदाहरण घेऊन आकडे तू स्वतः बदलले होतेस. शेवटचा ताळेबंद मात्र मुद्दाम सोडवला नव्हतास, पाठ केल्यासारखं वाटायला नको म्हणून फळ्यावरच मांडणार होतीस. म्हणालीस, ‘‘एवढं तपासून दे ना. तू तपासलेलं चुकत नाय.’’

मी रात्री नाही, घरी पोचल्या पोचल्या तपासलं. तिसऱ्या पानावर चूक होती. मूळ कंपनीने उपकंपनीला विकलेला माल अजून पडून होता, त्यावरचा नफा तू मालातून वजा केला होतास, पण राखीव निधीतून करायचा विसरली होतीस. एका बाजूला केलं, दुसऱ्या बाजूला राहिलं. घाईत कुणाकडूनही होईल अशी चूक. पण फळ्यावर दोन्ही बाजू जुळणार नव्हत्या, हे नक्की होतं.

मी तिथे पेन्सिलने ठिपका दिला. तपासताना मी नेहमी देते तसा. मग बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत बसले. मग रबर घेतला आणि तो पुसला.

सकाळी कॉलेजच्या फाटकात तू विचारलंस, मी पानं परत दिली आणि म्हटलं, ‘‘ठीक आहे.’’

एवढंच. पुढची दोन वर्षं मी हे दोन शब्द मनात किती वेळा उच्चारले, सांगता येणार नाही.

वर्ग भरलेला दिसावा म्हणून आम्हा उमेदवारांनाच बाकांवर बसवलं होतं. माझा पाठ आधी झाला. एकही चूक नाही, इंग्रजी स्वच्छ, आवाज पहिल्या बाकापर्यंत. समितीतल्या एका सरांनी दोनदा घड्याळ बघितलं. मग तू उठलीस. खडू हातात घेतलास. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, मधूनच एक कांद्याचं पोतं. आणि शेवटी तू दोन्ही बाजूंची बेरीज केलीस, आणि त्या जुळल्या नाहीत.

मी बाकाखाली माझे हात घट्ट धरले होते.

तू फळ्याकडे बघितलंस. मग वळलीस आणि अगदी मोकळेपणाने हसलीस. ‘‘जुळत नाहीये. बरं झालं, आता खरी मजा. कुठे चुकलंय, कोण सांगेल?’’ तू बाकांवरून नजर फिरवलीस. माझ्यापाशी ती थांबली. किती वेळ, ते मला ठरवता येत नाही. कधी वाटतं अर्धा सेकंद, कधी वाटतं तू मला पुरता वेळ दिला होतास. मला उत्तर माहीत होतं. वर्गात ते फक्त मलाच माहीत होतं. मी हात वर केला नाही.

पनवेलहून आलेल्या एका उमेदवाराने चूक शोधली. तू त्याला फळ्यावर बोलावलंस. मग समितीकडे पाठ करून आम्हाला सांगितलंस, ‘‘आईनं लेकीला माल विकला आणि तो अजून घरातच पडून आहे, तर घराला नफा झाला का? मग तो दोन्हीकडून काढायला नको?’’ समितीतले सर, घड्याळवाले, टेबलावर हात आपटून हसले. दुपारी यादी लागली. पहिली तू, दुसरी मी.

म्हणजे मी लपवलेल्या चुकीने तुला ती नोकरी मिळवून दिली. यावर मी हसायला शिकले असते तर कदाचित वाचले असते. तू मला मिठी मारून म्हणालीस, ‘‘टेन्शन नको घेऊ गं, पुढच्या वेळी तुझा नंबर.’’ मग थोडं लांब होऊन म्हणालीस, ‘‘तू बघितलं होतंस ना नीट?’’ मी म्हटलं, घाईत होते. तू म्हणालीस, ‘‘हां, होतं असं.’’ आणि रसवंतीवाल्याला दोन ग्लास सांगितलेस.

तुला कळलं होतं का? पुसलेल्या ठिपक्याची जागा कागदावर दिसते, खरखरीत लागते. तुझी नजर पिंपं शोधणारी होती. तू विचारलं असतंस तर मी खोटं बोलले असते, म्हणून तू विचारलं नाहीस, असं मी कधीकधी धरून चालते. मग त्याचाही राग येतो. मला माफ करण्यातसुद्धा तूच पुढे.

*

पुढची दोन वर्षं मी तुला महापेला बोलवत राहिले. सुट्टीतही पगार मिळतो, विमा आहे, एसी आहे. तुझा अर्ज मीच भरून दिला होता एकदा. सगळं खरं होतं, आणि तुझ्या घरी गरजही होती, तात्यांची पाठ गेल्यापासून. पण मनात काय होतं ते सांगते. तू माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून बिनचेहऱ्याच्या माणसांची पुस्तकं जुळवशील, तिथे टेबलावर हात आपटून कुणी हसणार नाही, आणि आपण सारख्या होऊ. मी काळजीच्या आवाजात बोलायची, तू ऐकून घ्यायचीस.

तू उलट म्हणायचीस, ‘‘तुझ्या एसीवर मी जळते बघ. मेमध्ये तर जास्तच.’’ आणि हसायचीस. तुझं जळणं असं बाहेर पडून वाऱ्यावर जायचं. माझं आतच राहायचं, दाराला कडी लावून.

गेल्या महिन्यात सीवूड्सच्या मॉलच्या पायऱ्यांवर आपण शेवटचं बसलो. तू सांगितलंस, जूनमध्ये विभागात अजून एक जागा निघणार आहे, मी अर्ज करावा. मी म्हटलं, मला शिकवण्यात रस नाही.

‘‘खोटं बोलतेस.’’

‘‘नाही. मला जमत नाही आणि मला नकोय.’’

‘‘तुला हवंय, गार्गी. फक्त मागायचं नाहीये. कुणीतरी आणून हातात दिलं पायजे तुला.’’

तू मला कॉन्व्हेंट म्हणाली नाहीस, गार्गी म्हणालीस. मी उठले, मीटिंग आहे म्हणाले. रविवार होता. कसली मीटिंग? माझी पर्स पायरीवर राहिली होती ती तू उचलून दिलीस. त्यानंतर फोनवर फक्त जेवलीस का, पोचलीस का, एवढंच. मग तुझा ताप. दवाखान्यात मी एकदा आले तेव्हा तू झोपली होतीस आणि मला हायसं वाटलं, बोलावं लागणार नाही म्हणून. मी वीस मिनिटं बसले. नंतर मी ज्या वीस मिनिटांसाठी काहीही द्यायला तयार झाले असते ती हीच, आणि ती मी तुझ्या सलाइनचे थेंब बघत काढली.

आता कुणीतरी खरंच आणून हातात दिलं आहे. आणून देणारी तू आहेस. तुझ्या त्या वाक्याला याहून दुष्ट उत्तर कुणाला सुचलं नसतं.

*

इथवर शुक्रवारी लिहिलं. शनिवारी सकाळी मी तुमच्या घरी, कोपरखैरण्याला गेले. काकू दारातच भाजी निवडत होत्या. तात्या आत भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला वाटलं होतं, काकू मला जवळ घेतील, काहीतरी असं म्हणतील जे त्या सातजणींना म्हणाल्या नसतील. त्यांनी चेहरा निरखला आणि विचारलं, ‘‘तू ती सीवूड्सची न्हवं? लई हुशार म्हनायची तुला. पर बोलत न्हाय म्हनायची.’’

मी सरांच्या फोनबद्दल सांगितलं. तुमची परवानगी हवी, असं काहीतरी पुटपुटले. त्यांना कळेना मी काय मागते आहे. म्हणाल्या, ‘‘परवानगी कसली बाई? पोरांची परीक्षा थांबती व्हय? कुनीतरी शिकवायलाच पायजे.’’ आणि मेथीची अर्धी जुडी माझ्यासमोर सरकवली. मी निवडली.

तिथून मी कॉलेजात गेले, फोन केला नाही. सर एकटे होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं, सर, नमुना पाठाच्या आदल्या दिवशी शीतलची चूक मला दिसली होती आणि मी ती तिला सांगितली नाही. तिने विचारलं होतं, तरी. हे ऐकून तुम्हाला मी नको असेन तर तसं सांगा.

एवढं लांब वाक्य मी त्यांच्यासमोर दोन वर्षांत बोलले नव्हते. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं ते आता मला बाहेर जायला सांगतील, किंवा समजूत घालतील, आणि दोन्हीची मला सारखीच भीती वाटत होती. ते म्हणाले, ‘‘तिला सांगितलंस का कधी?’’

‘‘नाही.’’

‘‘मग मला सांगून काय होणार?’’ ते वेळापत्रकाच्या कागदावर काहीतरी लिहीत होते. ‘‘सोमवारी साडेसात. होल्डिंग कंपन्या, तोच एकत्रित ताळेबंद, अर्ध्यावर राहिल्यात. आवाज मोठा ठेव, मागे ऐकू जात नाही तुझा.’’

म्हणून शुक्रवारी लिहिलेलंच तुला पुन्हा, सरळ सांगते आहे. ठिपका होता, शीतल. मी दिला होता आणि मीच पुसला.

*

आज सोमवार. महापेला मी अर्धा दिवस रजा टाकली. वर्गात अठ्ठावीस जण होते. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी ओळखते, कारण तीच माझी तुझ्याकडे बघायची नजर होती, फक्त उलट्या दिशेची. मी म्हणायचे, मी ही नाही; ते म्हणत होते, ही ती नाही. मी मध्येच एकदा इंग्रजीत अडकले, मग मराठीत सुटले. पंधरा मिनिटांनी मागून एक मुलगी म्हणाली, मॅडम, जरा मोठ्याने. मी मोठ्याने बोलले. स्वतःचा आवाज त्या भिंतीवर आपटून परत येताना मी पहिल्यांदा ऐकला. वाईट नव्हता.

तासिका संपल्यावर ऑफिसातल्या क्लार्क बाईंनी रजिस्टर पुढे केलं. तारीख, वर्ग, काय शिकवलं, सही. तुझंच पान होतं. बाई म्हणाल्या, नेमणूक तीच आहे, नवीन पान कशाला, खालीच सही करा. वर तुझ्या सह्या होत्या, ओळीने, प्रत्येक सहीखाली त्या लांब शेपटीचा फटकारा. शेवटची ताप भरला त्या दिवसाची, ती थोडी वाकडी. तिच्या खाली मी तारीख घातली, विषय लिहिला, सही केली.

आणि मला आनंद झाला. हे तुला सांगायलाच हवं, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. त्या रकान्यात माझी सही बघून मला इतका आनंद झाला की मी पेन बाईंना परत द्यायला विसरले. कॉरिडॉरमध्ये येईपर्यंत तो टिकला. मग तिथे मला रडू आलं, शोकसभेत आलं नव्हतं ते, आणि दोन मुलं बाजूने जाताना थबकली, मी त्यांना हाताने पुढे जा म्हटलं.

मला ही जागा हवी होती. तू बरोबर होतीस, मी खोटं बोलत होते. पण मला ती तू हरून हवी होती, शीतल, तू जाऊन नको होती. यादीत माझं नाव पहिलं आणि तुझं दुसरं. तू चिडली असतीस. दोन दिवस फोन उचलला नसतास. तिसऱ्या दिवशी कुठूनतरी उगवून, माझ्या पाठीत धपाटा घालून विचारलं असतंस, काय शिकवलंस आज, सांग. आणि मी, जी कुणालाच काही सांगत नाही, ती तुला पहिल्या वाक्यापासून सगळं सांगत बसले असते.